तिच्या दुपारचे यंत्र

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाग्देवी शारदेला वंदन करून, ज्याच्या घंटानादाने आमच्या देऊळगाव राजाची पहाट होते त्या श्रीबालाजीच्या चरणी मस्तक ठेवतो आणि हे लिहावयास घेतो. निमित्त असे की माझ्या सहधर्मचारिणीचे वर्षश्राद्ध तीन महिन्यांपूर्वी यथाविधी पार पडले. त्या दिवशी मी जे दान दिले त्याविषयी आळीत थोडी कुजबुज झाली, थोडे हसूही झाले. कुजबुजीला उत्तर देत बसण्याचे माझे वय राहिलेले नाही. तरी जे घडले ते क्रमाने सांगावे असे वाटते, कारण ज्यांना ते सांगावे अशी माणसे आता घरात नाहीत.

आमच्या घराण्यात रीत अशी आहे. वर्षश्राद्धाला छत्री, पादत्राणे, अंथरूण, पाण्याचे भांडे ही दाने तर द्यायचीच. ती सर्वांसाठी सारखी. त्यांखेरीज एक वस्तू अशी द्यायची, जी गेलेल्या माणसाला मनापासून प्रिय होती. ती फुटकी किंवा झिजलेली चालत नाही. आणि ज्याला द्यायची त्याने ती वापरली पाहिजे, पेटीत ठेवून देता कामा नये. वडिलांच्या वर्षश्राद्धाला आईने अडकित्ता आणि पानाचा डबा दिला होता. आईच्या वेळी आम्ही नवी विळी दिली, कारण भाजी चिरण्यात तिचा हात धरणारे आळीत कोणी नव्हते.

मुलगा बंगळुरूला असतो. दोन महिने आधीच त्याचा फोन आला. "बाबा, आईच्या नावाने कुणाला तरी चांगली पैठणी द्या. आईला साड्या आवडायच्या."

मी "बरे" म्हणालो. परंतु तिला साड्या आवडत नसत. मिळेल ती नेसत असे, आणि नवी आली की घडी न मोडता कुणाच्या तरी लग्नात देऊन टाकीत असे. तिला आवडत असे तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम.

हे वाचून कोणी हसेल तर हसू द्यावे. तो खेळ मी मुलासाठीच आणला होता, तो सातवी-आठवीत असताना, जालन्याच्या एका दुकानातून. करड्या रंगाचा एक डबा, त्याला दोन तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला बटणांची एक मूठ, आणि वरच्या खाचेत बसवायची पिवळी कॅसेट. मुलगा शिकायला बाहेर गेला, आणि माझी समजूत अशी की तो डबा माळ्यावर गेला. पुढे एकदा शाळेतून चष्मा विसरला म्हणून भर दुपारी परतलो, तर ही टीव्हीसमोर बसलेली, हातात ती मूठ. मला पाहून तिने टीव्ही बंद केला नाही. फक्त म्हणाली, "बसता का थोडा वेळ?" मी चष्मा घेतला आणि तास चुकेल असे सांगून निघालो. मी तेव्हा शाळेत संस्कृत शिकवीत होतो. निवृत्तीनंतरही माझी दुपार मोकळी झाली नाही. एक ते साडेचार मी मंदिराच्या सभामंडपात स्तोत्रे शिकविण्यास बसे. त्यामुळे तिच्या दुपारी कशा जात हे मी पाहिलेच नाही. खेळते, एवढेच ठाऊक होते. तिच्या निधनाच्या दोन वर्षे आधी ते यंत्र बंद पडले. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "जुना झाला, जाऊ द्या." मी जाऊ दिले.

आता ते माळ्यावरून काढले आणि तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकान चालविणारा माझाच जुना विद्यार्थी, आता त्याचीही पन्नाशी उलटली आहे. त्याने स्क्रू काढले, झाकण उचलले आणि दिव्याखाली धरून बराच वेळ पाहत राहिला.

"गुरुजी, ह्याची पूजा कोन करत होतं?"

"मीच. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारे-अवजारे चौरंगावर मांडतो. विळी, कातरी, शिवणयंत्र, आणि हे."

"तरीच." त्याने चिमट्याने खाचेतून एक तांदळाचा दाणा काढला. मग दुसरा. मग हळदीची ढेप, कुंकवाने लाल झालेला कापसाचा धागा. "अक्षता आत टाकल्या, हळद-कुंकू बी आतच. अन् पाणी?"

"प्रोक्षण केल्यावाचून पूजा कशी होईल?"

"फुलानं शिंपडलं?"

"पळीने." हे सांगताना माझा आवाज खाली आला.

तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. डबा माझ्याकडे वळवून त्याने आत बोट दाखवले. तांब्याच्या रेघांवर हिरवा गंज चढला होता, आणि मधोमध लाखेच्या थेंबासारखे काहीतरी काळे तडकले होते. "हा काळा थेंब म्हंजे ह्याचा जीव. ह्याच्याखाली चिप असते. वलं असताना कोनीतरी चालू केला, ते जळाली. हे बदलता येत नाही." मग झाकण लावत म्हणाला, "शाळेत तुम्ही आमाले सांगत होते, अति तिथं माती. पाठ नाही झालं तं छडी खाल्ली मी त्याच्यापायी."

मी घरी आलो आणि देवघरासमोर बसून राहिलो. दसऱ्यानंतर यंत्र बंद पडले होते, हे आता आठवले. चौरंगावरून वस्तू उचलून जागच्या जागी ठेवण्याचे काम तिचे. डब्यातून पाणी ठिबकले असेल तर ते तिने पाहिले असणार, पदराने पुसले असणार, आणि दुसऱ्या दुपारी भीत भीत कळ दाबली असणार. कशाने बिघडले हे तिला कळले नसेल असे मी मानू शकत नाही. ती फार बारकाईने पाहणारी बाई होती. तिने दोन वर्षांत एका शब्दाने मला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर माझ्या पूजेला दोष लागला असता. तिच्या आयुष्यातील शेवटच्या दोन वर्षांच्या दुपारी मी पळीभर पाण्याने पुसून टाकल्या होत्या.

तेव्हा ठरविले की वर्षश्राद्धाला द्यायचे ते हेच यंत्र. जसे होते तसे, पण धडधाकट. एवढे माझ्या हातून नीट झाले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो. "जुन्यासारखा नवा मिळतो का?"

"मिळतो तं. चार परकारचे मिळतात. पन तुमाले कोनता पायजे ते गेमवर हाये. काकू कोनता गेम खेळायच्या?"

मला सांगता आले नाही. कॅसेटवरचे चित्र घासून गेले होते. मुलाला फोन केला, तो म्हणाला, "गाड्यांचा काहीतरी असेल, नाहीतर ठोकळ्यांचा. मी असताना आई कुठे खेळायची?" जिच्याबरोबर चव्वेचाळीस वर्षे संसार केला तिला कोणता खेळ आवडे, हे तिचा नवरा आणि तिचा मुलगा दोघांनाही सांगता येईना.

दुकानदारच शेवटी म्हणाला, "आपाले इचारा ना."

"कोण आपा?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी आपल्याच घराचा पत्ता विचारत आहे. "तुमच्या शेजारच्या, गुरुजी. बांगड्यावाल्या. तार तुटली की काकू अन् त्या दोघीच यायच्या माह्याकडं, रिक्षा करून. इथं ह्या बाकावर बसायच्या."

आमच्या आणि आपांच्या घरात एक भिंत सामाईक आहे. त्या मणियार घराण्यातल्या, यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. आठवडी बाजार करून बांगड्या भरतात. आमच्या घरच्या सगळ्या बांगड्या त्यांनीच भरल्या. हिच्या हातांत शेवटच्या हिरव्या बांगड्याही त्यांनीच चढविल्या, एकही न फुटू देता. इतका शेजार असून त्यांच्याशी माझे बोलणे "नळ आला का" याच्या पलीकडे गेले नव्हते. मी त्यांच्या दाराशी उभा राहिलो तेव्हा त्या ओसरीवर काचेच्या बांगड्या दोऱ्यात ओवीत होत्या.

"या ना गुरुजी. आज इकडं रस्ता चुकले का काय?"

मी कारण सांगितले. त्यांनी दोरा खाली ठेवला. "रणगाड्याचा गेम होता तो. दोन गाड्या, इटांच्या भिंती, अन् खाली एक ठानं राखायचं. एक गाडी वैनीची, एक माही."

"तुम्ही किती वेळा खेळायचात?"

"बाजाराचा दिवस सोडला तं रोज. तुम्ही फाटकाबाहेर गेले की वैनी लाटन्यानं भिंतीवर दोनदा ठोकायच्या."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी इचारलं?" हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. मग त्यांना हसू आले. "मी ठानं राखायची, अन् वैनी पुढं घुसायच्या. लै आगाऊ तुमची बायको. मी म्हनायची, वैनी, मांगं या, मरतान. ऐकतच नव्हत्या. मरायच्या अन् मलेच म्हनायच्या, आपा, तुम्ही काऊन आल्या नाही मदतीले?"

माझ्या घरात ती आवाज चढवून बोललेली मी ऐकली नव्हती. तिच्या हट्टीपणाची ही कथा मी शेजारच्या ओसरीवर उभा राहून ऐकत होतो, जणू एखाद्या अपरिचित स्त्रीची.

तेथून यंत्रांची परीक्षा सुरू झाली. खेळ आपांच्या हाताला ठाऊक, तेव्हा परीक्षक त्याच. दुकानदाराने आधी एक काडी आणून दिली. ती टीव्हीच्या पाठीत खोचायची, आत हजारो खेळ, आणि सोबत बिनतारी मुठी. आपा आल्या, पदर खोचून बसल्या. दोन मिनिटांतच त्यांनी मूठ खाली ठेवली.

"हा तो नव्हे. मी आज दाबते अन् हा उद्या हालतो. हात मांगं राहून राह्यला माहा."

दुकानदाराने ते उलगडून सांगितले. ही काडी म्हणजे स्वस्तातला एक लहानसा संगणक. तो जुन्या यंत्राचे सोंग घेतो, आणि सोंग घेताना त्याला विचार करायला वेळ लागतो. बिनतारी मुठीचा उशीर निराळा. सपाट टीव्ही चित्र सजवून दाखवतो, त्याचा उशीर आणखी निराळा. हे तीन उशीर डोळ्याला कळत नाहीत, पण सवयीच्या अंगठ्याला कळतात.

मग त्याने दुसरा डबा मागविला. तो बाहेरून आमच्या जुन्या यंत्रासारखाच दिसे, करडा रंगही तोच, मुठी तारेच्या. मला वाटले, झाले काम. आपांनी थोडा अधिक वेळ खेळून पाहिले. "ह्याचा हात बरा हाये. पन ह्याचा आवाज बसला हाये, सर्दी झाल्यावानी. अन् गर्दी झाली की अडखळते." हेही सोंगच होते, जरा चांगल्या बहुरूप्याचे. आमच्या लहानपणी बहुरूपी फौजदार होऊन दारात येई तेव्हा मुले घाबरत. पण आई त्याच्या पायांकडे बघून ओळखत असे.

तिसऱ्या वेळी दुकानदाराने आम्हालाच दुकानात बोलाविले. कुठल्याशा भंगारवाल्याकडून त्याला आमच्या डब्याचाच जुळा भाऊ मिळाला होता. तो दुरुस्त करून त्याने फुगीर काचेच्या जुन्या टीव्हीला जोडून ठेवला होता. आपांनी कळ दाबली, सुरुवातीचे सूर वाजले, आणि त्यांचे अंगठे आपोआप चालू लागले. पहिला डाव संपवून त्यांनी मूठ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हाच."

मी दुकानदाराला म्हणालो, हा आणि हा टीव्ही, दोन्ही बांधून ठेव.

"कोनाले देनार हाये गुरुजी?" आपांनी विचारले.

तोपर्यंत मी नात्यातील एखाद्या सवाष्णीचा विचार करीत होतो. पण प्रश्न ऐकताच त्याचे उत्तर समोर बसलेले दिसले. ही वस्तू वापरील असे मनुष्य भूमंडळावर एकच होते. मी म्हणालो, "तुम्हालाच."

आपांनी मान हलविली. "मले हा काय कामाचा? मी तं जालन्याले चालली, पोरीकडं. आता बाजार होत नाही माह्यानं, गुडघे गेले. घर इकायचं ठरलं. तिच्या दोन खोल्यांत हा एवढा टीव्ही कुठं ठेवू? तिच्याकडं भिंतीवरचा हाये, पातळ."

"केव्हा जाणार?"

"वैनीचं वर्साचं झालं की. तेवढ्यासाठी थांबली."

त्या जाणार आहेत हे मला ठाऊक नव्हते. मंदिरातल्या चार जणांना ठाऊक होते, असे नंतर कळले.

म्हणून चौथ्या प्रकाराकडे वळावे लागले. दुकानदार म्हणाला, "आता एकच राह्यला. ह्याच्यात सोंग नाही गुरुजी. ह्याच्या चिपमंदी हजारो बारके बारके फाटकं असतात, मोकळे. आपन त्याले जुन्या मशीनीचा नकाशा द्याचा. मंग ते फाटकं तसेच लागतात, जसे जुन्या चिपमंदी होते. लाईट गेली की सगळं मोडते. परत आली की परत मांडते."

"दर वेळी नव्याने?"

"दर येळी."

हे मात्र मला लगेच उमजले. श्रावणात आमच्याकडे मातीचे पार्थिव लिंग रोज नवे घडवितात, पूजा झाली की त्याच दिवशी विसर्जन. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती, पुन्हा तोच आकार. ते कालच्या लिंगाची नक्कल आहे असे कोणी म्हणत नाही. रोजचे लिंग हे पूर्ण लिंगच. मी त्याला तोच मागवावयास सांगितले, तारेच्या दोन मुठींसह.

यंत्र येण्यास बारा-तेरा दिवस लागले. तळहाताहून थोडे मोठे, काळे, दिसायला अगदीच अरसिक. दुकानदाराने घरी येऊन ते जोडले, टीव्हीच्या यादीत शिरून चित्र सजविण्याची सगळी कामे बंद केली, म्हणाला आता उशीर राहिला नाही. वर्षश्राद्धाला तेव्हा नऊ दिवस होते.

आपा आल्या. पहिला डाव संपायच्या आतच त्यांनी मान डोलाविली. "हा बी तोच."

येथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. परीक्षा त्याच क्षणी संपली होती. परंतु मी म्हणालो, "घाई नको. यंत्र तापल्यावर कसे चालते ते पाहू. उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी म्हणालो, आवाजाची खात्री करू, उद्या या. तिसऱ्या दिवशी दुसरी मूठ तपासायची राहिली होती. मी मंदिरात निरोप पाठविला की प्रकृती बरी नाही. दुपारी एक वाजता त्या सुरांनी घर भरून जाई, आणि मी आतल्या खोलीत पोथी उघडून बसे. पोथीचे तेच पान चार दिवस उघडे होते.

पाचव्या दिवशी आपांनी हाक मारली. "गुरुजी, एकट्यानं ह्या ठान्याचं काही खरं नाही. बाहीर या अन् हे धरा."

मी मूठ धरली. काय दाबावे ते कळेना. माझी गाडी एका विटांच्या कोपऱ्यात शिरली आणि तिथेच गोल फिरू लागली.

"काऊन तिथंच फिरून राह्यले? प्रदक्षिना घालता का?"

"पुढे शत्रू आहे."

"हाव, म्हनूनच तं पुढं जाचं! वैनी असत्या तं आतापर्यंत तिकडल्या कोपऱ्यात जाऊन दोघाले उडवून आल्या असत्या."

मी त्या कोपऱ्याकडे पाहिले. टीव्हीवर वरच्या उजव्या बाजूला तो नुसता काळा चौकोन होता. तिची जागा ती. वीस वर्षे रोज ती तिथे जात होती, मरत होती, पुन्हा जात होती, आणि हे सारे माझ्या घरात, माझ्या देवघरापासून दहा पावलांवर. मी गाडी त्या बाजूला नेण्याचा प्रयत्न केला. अर्ध्यात संपलो. आपा हसल्या, मग मध्येच थांबून त्यांनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या की आज खोकी बांधायची आहेत.

आठव्या दिवशी त्या निघताना उंबऱ्याशी थांबल्या. "अजून काही तपासाचं हाये का?" त्यांच्या स्वरावरून कळले की त्यांना पहिल्या दिवसापासूनच सारे समजले होते. मी म्हणालो, नाही.

नववा दिवस मला फार जड गेला. मुलाने सुचविलेली पैठणी देऊन टाकावी आणि यंत्र घरात ठेवावे, असा विचार मनात आला. यंत्र इथे असेल तर आपा अधूनमधून येतील, निदान सणावारी. कोणाचे त्यात नुकसान नव्हते. श्राद्धाच्या संकल्पात प्रिय वस्तू कोणती हे सांगावे लागत नाही. कोणाला कळलेही नसते. पण मग ते दान तिचे राहिले नसते. मी माझ्याच एकटेपणासाठी एक वस्तू घेतली आणि तिच्या नावावर ठेवली, असे झाले असते. पळीभर पाणी घालताना मी तिला विचारले नव्हते. आता न विचारता घेऊन टाकणे हे त्याच जातीचे कर्म होते. संध्याकाळी मी यंत्र पेटीत भरले, तारा गुंडाळल्या.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पिंडदान झाले, उपाध्यायांना विहित दाने दिली. त्यांना या वस्तूची कल्पना आधीच दिली होती. ते म्हणाले, "हे पोथीत बसत नाही, पण आपण जाणते आहात." भोजने उरकल्यावर आपा आल्या, डोक्यावरून इस्त्रीचा पांढरा दुपट्टा घेऊन. मी ताम्हन, पळी आणि तुळशीपत्र मांडले.

"गुरुजी, पानी लांबच ठेवा," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "अन् दान म्हनून मले नका देऊ. दान घेनं माह्याच्यानं होनार नाही. वैनीची निशानी म्हनून द्या, मंग घेते."

शास्त्रातले दान देणाऱ्याच्या पुण्यासाठी असते. त्या मागत होत्या ती मैत्रिणीची वस्तू. मी तुळशीपत्रावरून ताम्हनात उदक सोडले, "न मम" म्हणालो, आणि पेटी त्यांच्या हातांत देताना म्हणालो, "ही तिने तुमच्यासाठी ठेवली आहे." त्यांनी पेटी छातीशी धरली. "न मम" या दोन शब्दांचा अर्थ त्यांनी विचारला नाही. "हे माझे नाही" एवढाच तो. लहानपणापासून हजारो वेळा म्हटले असतील. त्या दिवशी ते खरे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या जालन्याच्या बसने त्या गेल्या. त्यांचा जावई टेम्पो घेऊन आला होता, सामान त्यात गेले. पेटी मात्र त्यांनी पिशवीत घालून मांडीवर घेतली. मी स्थानकापर्यंत गेलो. बस सुटताना त्या खिडकीतून म्हणाल्या, "नातीले शिकवते. तिले पुढं घुसाले लावते."

मी पुन्हा मंदिरात जाऊ लागलो आहे. एक वाजता निघतो, साडेचारला परततो. स्तोत्रे शिकावयास आता तिघेच येतात. भिंतीपलीकडच्या घराला नवे मालक अजून आलेले नाहीत. क्वचित अंगात कणकण असली तर दुपारी घरी राहतो, आणि तेव्हा मला कळते की या घराची दुपार किती मोठी आहे. मला ती ठाऊकच नव्हती. तिने आणि आपांनी ती वीस वर्षे आपसांत वाटून घेतली होती. त्याबद्दल मनात कडवटपणा नाही. तिच्या वाट्याला एक सोबत होती, ती मी दिलेली नव्हती, आणि तरी होती, यासाठी मी ईश्वराचे आभार मानतो. गेल्या आठवड्यात आपांच्या मुलीचा फोन आला. मागून ते सूर ऐकू येत होते आणि एक लहान मुलगी मोठ्याने ओरडत होती. आपा फोनवर आल्या नाहीत. ठाणे सोडून त्यांना उठता येत नव्हते, असे त्यांची मुलगी म्हणाली. मी म्हणालो, उठवू नका.

ज्या वाचकाने येथवर धीराने सोबत केली, त्याच्या घरी अन्नपूर्णेचा वास असो, देवघरातला दिवा मंद न होवो. त्याच्या घरातील माणसे दुपारी काय करतात हे त्याला ठाऊक असो, आणि कोणी "बसता का थोडा वेळ" म्हटले तर त्याला त्या वेळी कोठेही जायचे नसो. श्रीबालाजी त्या घरातील थोरा-लहानांना आरोग्य, दीर्घायुष्य आणि एकमेकांचा सहवास देवो. तथास्तु.